आंतरजालाच्या चावडीवरील पत

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ सुरू होते, तेव्हा त्याचा सोहळा बहुधा देखणा असतो. दीपप्रज्वलन होते, प्रमुख पाहुणे संगणकाची कळ दाबतात, पडद्यावर संस्थेचे बोधचिन्ह उमटते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. आता संस्था जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली, असे अध्यक्षीय समारोपात सांगितले जाते. सहा महिन्यांनी त्याच संकेतस्थळाच्या भेटींची नोंद पाहिली, तर येणाऱ्यांमध्ये संस्थेचे पदाधिकारी आणि त्यांचे आप्तच अधिक आढळतात. उद्घाटनाच्या छायाचित्रांनंतर नवे काही चढलेले नसते. जगातून कोणालाही तेथे येता येते हे खरे; पण कोणी यावे, असे कारणच निर्माण झालेले नसते.

अशा वेळी हमखास एक सल्ला मिळतो. आंतरजालावर जेथे जेथे लोक चर्चा करीत असतील, तेथे तेथे जाऊन आपल्या संकेतस्थळाचा दुवा टाकावा. वर्दळ आपोआप वाढेल. छोटे उद्योजक, नवोदित लेखक, प्रकाशक, सेवाभावी संस्था अशा सर्वांनाच हा सल्ला दिला जातो आणि काही व्यावसायिक तर या दुवापेरणीचे रोख पैसेही घेतात. सल्ल्याचा पूर्वार्ध योग्य आहे. चर्चापीठांवर अवश्य गेले पाहिजे. उत्तरार्ध मात्र घातक आहे. कारण तो चर्चापीठाला भिंत समजतो. भिंतीवर पत्रक चिकटवून निघून जाता येते. चर्चापीठ ही चावडी आहे. चावडीवर बसावे लागते, चार जणांचे ऐकून घ्यावे लागते, कोणी अडचण सांगितली तर माहीत असलेला उपाय सांगावा लागतो. तेथे मिळते ती पत. आणि पत मिळाली की लोक घरचा पत्ता स्वतःहून विचारतात. आंतरजालावरील प्रसिद्धीचे सारे शास्त्र या एका व्यवहारात सामावलेले आहे.

तीस वर्षांपूर्वीचा धडा

हे केवळ नीतिवचन नाही; त्यामागे आंतरजालाचा इतिहास आहे. संकेतस्थळे जन्माला येण्यापूर्वीच चर्चापीठे अस्तित्वात आली होती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 1979 साली ‘यूजनेट’ची कल्पना मांडली आणि 1980पासून ती प्रत्यक्षात आली. विषयवार चर्चागट, त्यात कोणीही प्रश्न विचारावा आणि जाणकाराने उत्तर द्यावे, अशी ती रचना होती. पुढील दशकभरात विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांतील हजारो लोक तेथे नित्य येऊ लागले. परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थीही तेथे भेटत. या समाजाला लिखित घटना नव्हती. पण संकेत होते आणि ते पाळले जात.

12 एप्रिल 1994 रोजी या चावडीवर पहिला मोठा आघात झाला. लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या ॲरिझोनातील वकील दांपत्याने अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड’ सोडतीसाठी सेवा पुरविण्याची आपली जाहिरात एकाच वेळी हजारो चर्चागटांवर टाकली. कोणता गट कशासाठी आहे याचा विधिनिषेधच नव्हता. संगणकाच्या भाषा शिकणारे, पक्षिनिरीक्षक, संगीतप्रेमी अशा साऱ्यांच्या पुढ्यात तीच जाहिरात येऊन पडली. संतप्त सदस्यांच्या निषेधपत्रांचा असा पूर लोटला की, त्या दांपत्याला आंतरजालाची जोडणी देणाऱ्या कंपनीचे संगणक कोलमडले आणि तिने त्यांची सेवा बंद केली. नॉर्वेतील एका तंत्रज्ञाने त्यांच्या जाहिराती आपोआप पुसून टाकणारी आज्ञावली लिहिली.

या जाहिरातीतून आपल्याला लाखभर डॉलरचे काम मिळाले, असा त्या दांपत्याचा दावा होता. या मार्गाचे समर्थन करणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. परंतु 1997 साली टेनेसी राज्यात कँटर यांची वकिलीची सनद रद्द झाली आणि त्यामागील कारणांत ही जाहिरातही होती. त्याहून मोठी हानी चावडीची झाली. एकाने मार्ग दाखविला, मागोमाग झुंडी आल्या. नको असलेल्या जाहिरातींचा राडारोडा साचत गेला, जाणकार मंडळी एकेक करून उठून गेली आणि चर्चागट ओस पडत गेले. दुवापेरणीचा सल्ला देणाऱ्यांनी हा शेवट लक्षात ठेवायला हवा. जाहिरातदाराला ज्या गर्दीचा मोह पडतो, ती गर्दी त्याच्याच कृतीने पांगते.

दुव्याचे मोल कसे घसरले?

दुवापेरणीचे आकर्षण वाढले, ते शोधयंत्रांमुळे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करून 1998 साली ‘गूगल’ची स्थापना केली. त्यांच्या पद्धतीचे मर्म साधे होते. एखाद्या पृष्ठाकडे इतर किती आणि कोणत्या दर्जाच्या पृष्ठांवरून दुवे येतात, त्यावर त्या पृष्ठाची प्रतिष्ठा ठरावी. विद्वानाच्या ग्रंथाचा इतरांनी किती वेळा आधार घेतला यावरून त्याचे महत्त्व जोखावे, तसाच हा प्रकार. दुवा म्हणजे एक प्रकारे दिलेले मतच.

मत मोलाचे ठरले, की मताची खरेदी-विक्री सुरू होते. तसेच झाले. आपल्या स्थळाकडे निर्देश करणारे दुवे वाढावेत, म्हणून चर्चापीठांवर, लेखांखालील प्रतिसादांत, पाहुण्यांच्या अभिप्रायवह्यांत दुव्यांचा भडिमार होऊ लागला. मग शोधयंत्रांनी बंदोबस्त केला. जानेवारी 2005मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी मिळून एक खूण मान्य केली. ती खूण लावलेला दुवा वाचकाला उघडता येतो, पण शोधयंत्राच्या हिशेबात तो मत म्हणून धरला जात नाही. चर्चापीठांच्या चालकांनी सदस्यांच्या दुव्यांना ती खूण लावून टाकली. एप्रिल 2012मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली आणि कृत्रिम दुव्यांनी फुगविलेल्या संकेतस्थळांना निकालांत खाली ढकलले. अनेकांची वर्षांची ‘कमाई’ एका आठवड्यात बुडाली. 2019मध्ये सदस्यांनी लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी आणि पैसे देऊन टाकलेल्या दुव्यांसाठी स्वतंत्र खुणा आल्या. आता ही खूण शोधयंत्राला पक्का आदेश नसून केवळ सूचना असते. पण दुव्यांची संख्या फुगवून पुढे जाण्याची वाट बिकट झाली आहे, यात शंका नाही.

तात्पर्य, चर्चापीठावर जाण्याचे कारण शोधयंत्राला फसविणे हे असेल, तर ते कारण उरलेले नाही. मग उरते काय? उरतो तो माणूस. दुवा उघडणारा, वाचणारा, पटले तर परत येणारा आणि दुसऱ्याला सांगणारा. त्या माणसासाठीच चर्चापीठावर जायचे असते.

बागायतदाराचे दोन मार्ग

हे कसे घडते, ते एका कल्पित पण परिचित उदाहरणाने पाहता येईल. देवगड परिसरातील एका तरुण बागायतदाराने दलालाच्या साखळीला कंटाळून स्वतःचे संकेतस्थळ उघडले आहे. आंब्याची पेटी थेट ग्राहकाच्या घरी पोहोचवायची, अशी त्याची योजना आहे. मार्च महिना चालू आहे. एखाद्या मराठी चर्चापीठावर पुण्याच्या एका गृहिणीने प्रश्न विचारला आहे. ‘गेल्या वर्षी महागाची पेटी घेतली. वरून फळ सुंदर पिवळे. आत मात्र पांढरट, आंबट वासाचा गर निघाला. फसवणूक झाली का?’

पहिला मार्ग असा. बागायतदार लिहितो, ‘अस्सल देवगड हापूससाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’, आणि खाली दुवा देतो. तोच मजकूर तो पाककृतींच्या धाग्यावर, प्रवासाच्या धाग्यावर आणि क्रिकेटच्या धाग्यावरही टाकतो. संध्याकाळपर्यंत व्यवस्थापक ते सारे उडवून लावतात, खाते बंद होते आणि प्रश्न विचारणारीच्या मनात एक नोंद होते, हाही त्यातलाच.

दुसरा मार्ग वेळखाऊ आहे. बागायतदार आधी नाव, गाव आणि व्यवसाय सांगतो. आपण स्वतः आंबा विकतो, हे लपवीत नाही. मग तो उत्तर देतो. आत निघालेला तो पांढरट भाग म्हणजे ‘साका’. हापूसचा हा जुना दोष आहे. फळ वरून निर्दोष दिसते, त्यामुळे कापल्याखेरीज तो कळत नाही आणि म्हणूनच प्रत्येक वेळी ती विक्रेत्याची लबाडी असतेच असे नाही. फळ झाडावर फार काळ राहून पुरते तयार झाले आणि तापलेल्या जमिनीची धग त्याला लागली, की साक्याचे प्रमाण वाढते. म्हणून जाणता बागायतदार फळ साधारण 80 ते 85 टक्के तयार असतानाच देठासह उतरवितो आणि सावलीत ठेवतो. साका येऊ नये म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात 1981 साली दिली.

पुढे तो कार्बाइडचाही उलगडा करतो. कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेले फळ बाहेरून एकसारखे पिवळे दिसते; पण गर पुरता मुरलेला नसतो आणि सुगंध येत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार फळे पिकविण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. पेंढ्याच्या अढीत पिकलेले फळ असे एकसारखे रंगत नाही, पण खोलीभर दरवळते. बाजारात कर्नाटकातील आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हेही तो सांगतो. 2018 साली हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे नोंदणीकृत उत्पादकाची खूण पेटीवर पाहता येते. शेवटी तो एक कबुली देतो. ‘माझ्याही बागेतील काही फळांत साका निघतो. तसे झाल्यास फळ बदलून देतो.’

या उत्तरात दुवा नसला तरी चालेल. त्याच्या सदस्यपरिचयात संकेतस्थळाचा पत्ता असतो आणि ज्याला हवा तो शोधून काढतो. दुसऱ्या दिवशी नाशिकचा कोणी अढी घालण्याची रीत विचारतो. तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून कोणी विचारतो की, तेथे मिळणाऱ्या हापूसवर विकिरणाची प्रक्रिया का करतात. फळांतील किडी देशात येऊ नयेत म्हणून अमेरिकेने घातलेली ती अट आहे, आणि ती पाळूनच 2007 साली भारतीय आंब्याला ते दार पुन्हा उघडले, असे बागायतदार सांगतो. हा सारा धागा पुढील वर्षी, त्याच्या पुढील वर्षीही हंगाम आला की शोधयंत्रात वर येतो. भिंतीवरचे पत्रक एका पावसात गळून पडते. चावडीवर दिलेले उत्तर वर्षानुवर्षे बोलत राहते. या मार्गाने संकेतस्थळावर येणारे लोक संख्येने थोडे असतील. पण ते विश्वास घेऊन येतात. विक्रेत्याला हवी असते ती हीच वर्दळ.

चावडीचे संकेत

या उदाहरणातून जे नियम निघतात, ते कोणत्याही क्षेत्राला लागू आहेत.

पहिला नियम, बोलण्यापूर्वी ऐकावे. प्रत्येक चर्चापीठाची स्वतःची रीत असते. कोठे विनोद चालतो, कोठे आधार मागितला जातो, कोठे जाहिरातींसाठी वेगळा विभाग असतो. महिनाभर केवळ वाचन केले, तर कोणते प्रश्न पुनःपुन्हा येतात आणि कोणते अनुत्तरित राहतात, हे कळते. ते अनुत्तरित प्रश्न म्हणजेच आपल्या संकेतस्थळावर काय असायला हवे याची आयती यादी होय. हा लाभ प्रसिद्धीपेक्षाही मोठा आहे.

दुसरा नियम, हितसंबंध उघड करावा. 2008 साली सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या आज्ञावलीकारांच्या प्रश्नोत्तरपीठावर स्वतःच्या उत्पादनाचा उल्लेख करताना आपला त्याच्याशी असलेला संबंध सांगणे बंधनकारक आहे. ‘रेडिट’ या अमेरिकी चर्चापीठावर दहा लेखनांत स्वतःचा उल्लेख फार तर एकदा असावा, असे प्रमाण रूढ झाले. हे आकडे वेदवाक्य नव्हेत. पण त्यांचा आशय स्पष्ट आहे. नऊ वेळा दुसऱ्यांच्या कामी यावे, तेव्हा कोठे दहाव्या वेळी स्वतःचे काम सांगण्याचा अधिकार मिळतो.

तिसरा नियम, उत्तर तेथेच पूर्ण द्यावे. ‘अधिक माहितीसाठी आमच्या स्थळावर या’ असे म्हणून अर्धे उत्तर राखून ठेवणे म्हणजे पंगतीत वाढताना वरणाचे भांडे लपविण्यासारखे आहे. दुवा द्यायचाच, तर तो उत्तरानंतर आणि विस्तार, छायाचित्रे वा तक्ते यांसाठी द्यावा.

चौथा नियम, एका तोंडाने बोलावे. मराठी चर्चापीठांवर एकाच व्यक्तीने घेतलेल्या दुसऱ्या नावाला ‘डुआयडी’ असा खास शब्द आहे. एका नावाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्या नावाने स्वतःचीच स्तुती करीत उत्तर द्यायचे आणि तिसऱ्या नावाने आभार मानायचे, हा खेळ अनेकांनी करून पाहिला. लेखनाची लकब लपत नाही. जुने सदस्य अशी सोंगे सहज ओळखतात, आणि एकदा गेलेली अब्रू तेथे परत मिळत नाही. आता त्यात यंत्राकरवी लिहून घेतलेल्या प्रतिसादांची भर पडली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर 2022मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली, कारण ती दिसायला सफाईदार, पण अनेकदा चुकीची असत. ज्याला विषय माहीत नाही त्याने यंत्राच्या तोंडाने बोलणे, हेही एक सोंगच आहे.

पाचवा नियम, टीका झाल्यास पळू नये. चावडीवर कोणी उणे काढले, तर शांतपणे उत्तर द्यावे, चूक असल्यास मान्य करावी. चार हजार लोक ते वाचत असतात आणि त्यांतील बहुतेक एक अक्षरही लिहीत नाहीत. वाद कोण जिंकला यापेक्षा कोण कसा वागला, हे ते मूक वाचक लक्षात ठेवतात.

मराठीची शिदोरी

मराठी समाजाला ही चावडी नवी नाही. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 साली, म्हणजे गूगलच्याही आधी सुरू झाले. परदेशातील मराठी माणसांनी ते उभे केले आणि जोपासले. त्यानंतर 2004 साली ‘मनोगत’, 2007 साली ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’, 2011 साली ‘ऐसी अक्षरे’ अशी चर्चापीठे आली. त्या आरंभीच्या काळात देवनागरीत टंकलेखन हाच एक पराक्रम होता. प्रत्येक वृत्तपत्राचा टंक निराळा, एका संगणकावर दिसणारा मजकूर दुसऱ्यावर चौकोन होऊन उमटायचा. पुढे युनिकोड रुळला, मराठी मजकूर शोधयंत्रांना वाचता येऊ लागला आणि या चर्चापीठांवरील लेखन एकदम दृश्य झाले.

त्यांवर काय नाही? भाजणीच्या थालीपिठापासून लेण्यांच्या अभ्यासापर्यंत, गडवाटांच्या वर्णनांपासून शब्दांच्या व्युत्पत्तीपर्यंत, बाळंतिणीच्या आहारापासून परदेशी विद्यापीठांतील प्रवेशापर्यंत. हे सारे कोणी मानधन घेऊन लिहिले नाही. कोणी तरी विचारले आणि ज्याला माहीत होते त्याने सांगितले. अनेक लेखकांना पहिला वाचक तेथेच लाभला. आपले संकेतस्थळ वाचले जात नाही अशी तक्रार करणाऱ्या संस्थांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. या इतक्या प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर संस्थेच्या वतीने कोणी दिले आहे काय? इतिहास संशोधन करणारी मंडळे, ग्रंथालये, कृषी संस्था, वैद्यक क्षेत्रातील जाणकार यांच्याकडे ज्ञानाची कोठारे आहेत. पण कोठाराची किल्ली कमरेला लावून चावडीवर मौन पाळणाऱ्याकडे लोक वळत नाहीत.

बंद दारांमागचे बोलणे

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सयुक्तिक आहे. चर्चापीठांचे दिवस सरले. लोक आता व्हॉट्सॲपच्या गटांत आणि फेसबुकवर असतात. मग रिकाम्या चावडीवर जाऊन कोणाला सांगायचे?

गर्दी हलली आहे, हे खरे. परंतु व्हॉट्सॲपच्या गटातील बोलणे म्हणजे बंद दारामागची कुजबुज आहे. तेथे एखाद्या जाणत्या वैद्याने उत्तम उत्तर दिले, तरी ते गटापुरतेच राहते. शोधयंत्राला ते दिसत नाही, पुढील वर्षी तोच प्रश्न दुसऱ्या गटात पुन्हा विचारला जातो आणि दरम्यान मूळ उत्तर सुप्रभात संदेशांच्या ढिगाखाली गाडले गेलेले असते. उघड्या चर्चापीठावर एका प्रश्नाचे उत्तर एकदा नीट दिले, की ते शेकडो अनोळखी लोकांच्या कामी येते. लिहिणाऱ्याच्या नावाला आणि संकेतस्थळाला जी ओळख मिळते, ती या साठ्यातून मिळते.

दुसऱ्याच्या जागेवर सर्वस्व ठेवू नये, हेही तितकेच खरे. 2004 साली सुरू झालेले ‘ऑर्कुट’ 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि त्यावर मराठी तरुणांनी हौसेने थाटलेले समूहही त्याबरोबर मिटले. ‘याहू ग्रुप्स’वरील संचित 2019च्या अखेरीस पुसण्यास सुरुवात झाली आणि डिसेंबर 2020मध्ये ती सेवाच संपली. म्हणून चावडी आणि घर या दोहोंची आवश्यकता आहे. चावडीवर दिलेल्या उत्तराची विस्तारित, सुधारित प्रत स्वतःच्या संकेतस्थळावर जतन करावी. चावडीवरील प्रश्नांनी घर समृद्ध व्हावे आणि घरातील संचिताने चावडीवरचे उत्तर वजनदार व्हावे.

आजची निकड

अलीकडच्या काही वर्षांत या विषयाला नवे परिमाण लाभले आहे. शोधयंत्रांचे निकाल जेव्हा जाहिरातबाज, साच्यातल्या लेखांनी भरून गेले, तेव्हा वाचक शोधशब्दासोबत चर्चापीठाचे नाव जोडू लागले; कारण त्यांना कंपनीचे निवेदन नको होते, माणसाचा अनुभव हवा होता. गूगलने 2022 साली अमेरिकेतील शोधनिकालांत चर्चापीठांवरील मजकुराला स्वतंत्र स्थान दिले. फेब्रुवारी 2024मध्ये गूगलने रेडिटशी त्यावरील मजकूर वापरण्याचा करार केला. त्याची किंमत वर्षाला सुमारे 6 कोटी डॉलर असल्याचे वृत्त आले. सामान्य माणसांनी एकमेकांना सहज दिलेली उत्तरे आज इतकी मोलाची ठरली आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनाही ज्ञान तेथूनच उचलावे लागते.

येथे मराठीचा प्रश्न थेट उभा राहतो. 2011च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे 8 कोटी 30 लाख लोक आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याचा सर्वत्र आनंद झाला. पण उद्या एखाद्या शेतकऱ्याने, विद्यार्थ्याने वा रुग्णाच्या नातलगाने मराठीत प्रश्न विचारला, तर शोधयंत्राला मराठीत उत्तर सापडेल काय? सापडले नाही, तर इंग्रजी उत्तराचे ओबडधोबड भाषांतर त्याच्या पुढ्यात पडेल, किंवा एखाद्या भोंदू विक्रेत्याचे पान वर येईल. मराठीत जाणकार नाहीत असे नाही. जाणकार आहेत, ते उघड्यावर बोलत नाहीत, इतकेच. रिकामी जागा रिकामी राहत नसते. जाणता गप्प बसला, की तेथे दुवे पेरणारा येऊन बसतो.

म्हणून संकेतस्थळाची वर्दळ हा केवळ विक्रीचा वा प्रसिद्धीचा विषय उरत नाही. ज्या संस्थेला आपले स्थळ वाचले जावे असे वाटते, तिने जाहिरातीची तजवीज करण्यापूर्वी एक साधी व्यवस्था लावावी. विषय जाणणाऱ्या एका कार्यकर्त्याकडे हे काम सोपवावे. त्याने स्वतःच्या नावाने, संस्थेचा उल्लेख करून, आठवड्यातून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. वर्षाअखेरीस शंभर उत्तरे होतात. शंभर उत्तरे म्हणजे एका लहान ग्रंथाचा ऐवज होय. आणि ग्रंथाची जशी चार ठिकाणी चौकशी होते, तशी त्या उत्तरांच्या मागोमाग संस्थेचीही होऊ लागते. यश मोजताना पहिल्या दिवशी किती जण आले हे पाहू नये. आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, हे पाहावे.

उद्घाटनाच्या दिवशी लावलेली समई त्याच रात्री विझते. चावडीवर मात्र रोज कोणी तरी नवा वाटसरू येऊन टेकतो आणि त्याला काही तरी विचारायचे असते. त्याला उत्तर देणाऱ्याचे घर गावात शोधावे लागत नाही.